परत आलेला शेजारी
(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय 'बीव्हर' नावाचा प्राणी आहे हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. हा प्राणी भारतात नाही. मी स्वतः बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर माणूस आहे. प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही गेली काही वर्षे या विषयावर जे मिळेल ते मी वाचत आलो, कारण त्यात एक प्रश्न आहे आणि तो केवळ प्राण्यांचा नाही. एखाद्याला आपण त्याच्या घरातून पूर्णपणे हुसकावून लावले. त्याच्या जागेवर शेती केली, बांध घातले, रस्ते काढले, चार-पाच पिढ्या तेथे नांदल्या. आणि मग एके दिवशी तो परत आला. आता त्याच्याशी कसे वागायचे? आणि त्याच्या परत येण्याची किंमत कोणी मोजायची? युरोपातील लोक गेली शंभर वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. त्यांचे काही बरोबर ठरले, काही चुकले. दोन्हींतून शिकण्यासारखे आहे.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. बीव्हर हा उंदीर, घूस, खार यांच्या म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. या वर्गात दक्षिण अमेरिकेतील कॅपिबारा सोडला तर याच्याएवढा मोठा प्राणी नाही. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे वजन साधारण वीस किलो व त्याहून अधिक भरते. शेपूट चपटी आणि खवल्यांची, मागच्या पायांना बदकासारखे पडदे, आणि पुढचे दात नारिंगी रंगाचे. दातांच्या बाहेरच्या थरात लोह असते म्हणून तो रंग आणि ती धार. हे दात आयुष्यभर वाढत राहतात. याच दातांनी तो झाडे पाडतो. मात्र तो शुद्ध शाकाहारी आहे. साल, पाला, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती हे त्याचे अन्न. तो मासे खातो हा समज चुकीचा आहे.

नर-मादीची जोडी बहुधा कायमची असते. वर्षाला दोन-तीन पिल्ले होतात. पिल्ले सुमारे दोन वर्षांची झाली की घर सोडून नवी जागा शोधायला निघतात. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

बीव्हर बंधारा का घालतो? त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते, म्हणजे शत्रूला आत शिरता येत नाही. नदी खोल असेल तर त्याला बंधाऱ्याची गरजच पडत नाही. तो काठात बीळ करून राहतो. पण ओढा उथळ असेल तर दार उघडे पडते. मग तो फांद्या, चिखल, दगड रचून पाणी अडवतो. वाहत्या पाण्याचा आवाज ऐकला की त्याला राहवत नाही. लार्स विल्सन या स्वीडिश जीवशास्त्रज्ञांनी पाळलेल्या बीव्हरांना ध्वनिक्षेपकावरून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला, तेव्हा पाणी नसतानाही त्यांनी त्या आवाजावर काटक्या रचल्या. आपल्याकडे पावसाळा संपता संपता ओढ्यावर पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालतात. बीव्हर तेच काम करतो, फक्त स्वतःच्या घरासाठी करतो.

आता त्याचा नाश कसा झाला ते पाहू. त्याची लोकर दाट आणि मऊ. तिच्यापासून उत्तम टोप्या बनत. शेपटीजवळच्या ग्रंथींतील सुगंधी द्रव्य औषधांत आणि अत्तरांत जाई. शेपूट खवल्यांची म्हणून उपवासाच्या काळात त्याचे मांस चालते असेही युरोपात मानले जाई. म्हणजे कातडी, औषध आणि मांस, तिन्ही बाजूंनी तो मारला गेला. स्कॉटलंडमध्ये तो सोळाव्या शतकाच्या सुमारास संपला. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात शेवटचा बीव्हर १८६७ साली मारला गेला. १९०० च्या सुमारास सबंध युरोप आणि आशिया मिळून जेमतेम १२०० बीव्हर आठ तुटक ठिकाणी उरले होते. आज ही संख्या दहा लाखांच्या वर आहे. एवढ्या खाली गेलेला प्राणी एवढा वर आल्याची उदाहरणे फार थोडी.

हे आपोआप झाले नाही. नॉर्वेने १८४५ साली त्याला कायद्याचे संरक्षण दिले. नॉर्वेतून १९२२ साली स्वीडनमध्ये बीव्हर नेऊन सोडले. स्वित्झर्लंडने १९५६ पासून, बव्हेरियाने १९६६ पासून, नेदरलँड्सने १९८८ साली, डेन्मार्कने १९९९ साली हेच केले. स्कॉटलंडच्या नॅपडेल भागात २००९ च्या मे महिन्यात नॉर्वेहून आणलेली कुटुंबे सोडली. येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्राणी कोठेही नेऊन सोडणे म्हणजे पुनर्वसन नव्हे. १९४६ साली अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, तिएरा देल फुएगो बेटावर, कातडीच्या धंद्यासाठी उत्तर अमेरिकेतील बीव्हर सोडण्यात आले. तेथे तो कधीच नव्हता. कुरतडल्यावर पुन्हा फुटणारी झाडे तेथे नाहीत, त्याला खाणारे शत्रूही नाहीत. तेथील जंगलाची फार मोठी हानी झाली. युरोपात विलो तोडला की बुंध्यापासून पुन्हा दहा फांद्या फुटतात, कारण झाड आणि प्राणी हजारो वर्षे एकत्र वाढले आहेत. तेव्हा आपण बोलतो आहोत ते घरी परतणाऱ्याबद्दल, घुसखोराबद्दल नव्हे.

त्याच्या येण्याने लाभ काय झाला? इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात २०११ साली कुंपण घातलेल्या एका जागेत बीव्हरची एक जोडी सोडली. काही वर्षांत त्यांनी लहानशा ओढ्यावर १३ तळी तयार केली. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या तळ्यांतील गाळ मोजला. तो शंभर टनांहून अधिक भरला, आणि त्यातला बहुतेक गाळ म्हणजे वरच्या बाजूच्या चराऊ शेतांतून वाहून आलेली माती होती. खाली जाणाऱ्या पाण्यात गाळ कमी, खतांतून येणारा फॉस्फेट आणि नत्रही कमी. पावसाचा लोंढा तळ्यातळ्यांत अडतो, त्यामुळे पूर उशिरा आणि कमी उंचीने येतो. दुष्काळात तेच पाणी हळूहळू झिरपत राहते. बेडूक, चतुर, पाणपक्षी आपोआप येतात. याच परगण्यात ऑटर नावाच्या नदीकाठी ईस्ट बडली हे पुराने त्रस्त असलेले गाव आहे. गावाच्या वरच्या बाजूस बीव्हरांनी बंधारे घातल्यावर पुराचा जोर कमी झाल्याचे मोजमापांत दिसले.

चेक प्रजासत्ताकातील एक हकिकत तर गमतीची आहे. ब्रदी नावाच्या संरक्षित प्रदेशात पूर्वी लष्कराने चर खणून दलदल कोरडी केली होती. तेथे पुन्हा पाणी अडवण्यासाठी सरकारने २०१८ साली योजना आखली. जमिनीच्या वाटाघाटी, परवानग्या यांत सात वर्षे गेली. २०२५ च्या सुरुवातीला बातमी आली की, योजनेला हवे होते जवळपास त्याच ठिकाणी बीव्हरांनी बंधारे घालून टाकले आहेत. सरकारचे सुमारे तीन कोटी क्राऊन वाचले. आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांना ही गोष्ट ऐकून हसू येते आणि थोडे ओशाळल्यासारखेही होते.

परंतु मित्रहो, एवढेच सांगून मी थांबलो तर ते अर्धसत्य होईल. बीव्हर परत आला तेव्हा जमीन मोकळी नव्हती.

स्कॉटलंडमधील टे नदीचे खोरे घ्या. तेथील सपाट, काळजीपूर्वक निचरा केलेली जमीन त्या देशातील उत्तम शेतजमिनीत मोडते. शेताखाली नळ घातलेले असतात, ते चरात उघडतात, चर नदीला मिळतो. बीव्हरने चरावर हातभर उंचीचा बंधारा घातला तरी चरातले पाणी नळांच्या तोंडांवर चढते आणि वरचे शेत तुंबते. जमीन सपाट असल्यामुळे थोड्याशा चढलेल्या पाण्याने मोठे क्षेत्र ओले होते. पूर रोखण्यासाठी घातलेल्या मातीच्या बांधात तो बिळे करतो, बांध आतून पोकळ होतो आणि पुरात फुटतो. काठावरून ट्रॅक्टर नेताना चाक बिळात जाते. बव्हेरियात मका आणि साखरबीट ही त्याची आवडती पिके. फळझाड असो की सावलीचे झाड, तो भेद करत नाही. मासेमारी करणाऱ्यांची तक्रार अशी की, अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट लहान ओढ्यांतील बंधारे अडवतात.

आता हा हिशेब मी माझ्या धंद्याच्या भाषेत मांडतो. खातेवहीत जमा आणि नावे या दोन बाजू असतात. बीव्हरच्या बाबतीत एकूण बेरीज केली तर जमा बाजू मोठी दिसते. पण जमा पडते खालच्या गावाच्या खात्यात, ज्यांचा पूर कमी झाला त्यांच्या खात्यात, पक्षी पाहायला येणाऱ्या शहरी माणसाच्या खात्यात. आणि नावे पडते नदीकाठच्या एका शेतकऱ्याच्या खात्यात. ऑटर नदीवर २०१५ ते २०२० असा पाच वर्षे अधिकृत प्रयोग झाला. त्याच्या अहवालानेही हेच नमूद केले की, लाभ ज्यांना होतो आणि तोटा ज्यांना सोसावा लागतो ती माणसे एकच असतील असे नाही. देशाचा ताळेबंद फायद्याचा आहे असे सांगून ज्याचे शेत तुंबले त्याचे समाधान होत नाही, आणि ते होऊ नये. समाजाच्या हिताचे काम असेल तर त्याचा भार समाजाने उचलला पाहिजे. एकट्यादुकट्याच्या डोक्यावर तो टाकून बाकीच्यांनी पुण्य घेणे हा न्याय नव्हे.

हे नीट न झाल्यास काय होते, ते टे खोऱ्यात दिसले. नॅपडेलला बीव्हर रीतसर परवान्याने सोडले होते, पाहणी होत होती. टे खोऱ्यात मात्र २००० नंतरच्या दशकात ते खाजगी कुंपणांतून सुटून किंवा कोणीतरी परस्पर सोडल्यामुळे पसरले. शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही. सरकारने २०१० साली त्यांना पकडायचे ठरवले, मग २०१२ साली तूर्त राहू द्यावे असे ठरवले. दरम्यान कायद्याचे संरक्षण नव्हते, म्हणून बंदुका चालत राहिल्या. मेलेल्या प्राण्यांच्या तपासणीत गाभण माद्याही आढळल्या. अखेर १ मे २०१९ रोजी स्कॉटलंडमध्ये बीव्हर संरक्षित झाला. पण त्याच वर्षाच्या उरलेल्या आठ महिन्यांत परवाने घेऊन ८७ बीव्हर मारण्यात आले. आदल्या पाहणीत त्या खोऱ्यातील संख्या ४३० च्या आसपास धरली होती. म्हणजे पाचांतील एक. २०२० साली आणखी ११५ मारले गेले.

तेव्हा एक संस्था न्यायालयात गेली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला. न्यायालयाने संस्थेचे बहुतेक मुद्दे मान्य केले नाहीत; पण एक मान्य केला. मारण्याचा परवाना देताना खात्याने त्याची कारणे लेखी दिली पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. 'कारणे द्या' ही मागणी वरवर कारकुनी वाटते. पण ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्या जिवाचा निर्णय कागदावर कारणासह लिहावा लागला, की लिहिणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो आणि दुसरा उपाय आहे का, हे पाहावे लागते. पुढच्याच महिन्यात सरकारने धोरण बदलले. जेथे त्रास होतो तेथून बीव्हर पकडून जेथे हवा आहे तेथे नेणे, हा मार्ग खुला झाला. पर्थशरमधील एका शेतमालकाने आपणहून जागा देऊ केली आणि २०२१ च्या अखेरीस तेथे एक कुटुंब सोडले. २०२३ च्या डिसेंबरात केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानातही ते पोहोचले. इंग्लंडमध्ये तर २०२५ च्या मार्च महिन्यात डॉर्सेट परगण्यात सरकारी परवान्याने प्रथमच बीव्हर खुल्या रानात सोडले गेले.

बव्हेरियाची रीत यापेक्षा जुनी आणि अधिक पक्की आहे. तेथे आज वीस हजारांहून अधिक बीव्हर आहेत, आणि ते दाट शेतीच्या, दाट वस्तीच्या प्रदेशात. मग निभते कसे? पहिली पायरी म्हणजे माणूस. जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण घेतलेले काहीशे बीव्हर-सल्लागार आहेत, बहुतेक स्वयंसेवक. तक्रार आली की हा माणूस शेतावर जातो, पाहतो, शेतकऱ्याचे ऐकून घेतो. अर्धा राग तर कोणी येऊन ऐकले म्हणूनच शांत होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. बँकेच्या खिडकीवर मी ते रोज पाहतो.

दुसरी पायरी उपायांची. झाडाच्या बुंध्याला जाळी गुंडाळायची किंवा वाळू मिसळलेला रंग लावायचा. दाताला वाळू लागली की तो झाड सोडतो. पिकाभोवती विजेची हलकी तार लावायची. बांधात जाळी पुरायची. बंधाऱ्यामुळे पाणी फार चढत असेल तर बंधाऱ्यातून एक नळ आरपार घालायचा आणि त्याचे वरचे तोंड तळ्यात दूरवर, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे. पाणी गुपचूप निघून जाते, आवाज होत नाही, म्हणून बीव्हरला गळती सापडत नाही. तळे राहते, शेतही कोरडे राहते. बंधारा नुसता मोडून काही साधत नाही. तो दोन रात्रींत पुन्हा उभा राहतो.

तिसरी पायरी जागेची, आणि माझ्या मते तीच खरी. बीव्हरचा बहुतेक उपद्रव पाण्यापासून दहा-वीस मीटरच्या आत होतो. तेवढा पट्टा नदीला सोडला, तेथे विलो वाढू दिला, तर निम्म्याहून अधिक भांडणे उद्भवतच नाहीत. मात्र तो पट्टा कोणाच्या तरी मालकीचा असतो. त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळाला पाहिजे. चौथी पायरी पैशाची. बव्हेरियात पिकाच्या आणि झाडांच्या नुकसानीसाठी सरकारी निधी आहे.

आणि शेवटची पायरी पकडण्याची. पूर्वी बव्हेरियात पकडलेले बीव्हर क्रोएशिया, रुमानिया अशा देशांना पाठवले जात, तेथे त्यांची नवी वस्ती झाली. आता घेणारे फारसे उरले नाहीत. म्हणून जेथे सांडपाणी प्रकल्प, धरणाचा बांध अशा ठिकाणी दुसरा उपाय नाही, तेथे पकडलेले प्राणी मारले जातात. ही संख्या वर्षाला हजारांच्या घरात आहे. हे कटू आहे. ते लपवून सहजीवनाचे गोडवे गाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. परंतु त्यातली एक व्यावहारिक बाब पाहा. मघाशी मी सांगितले की, दोन वर्षांची पिल्ले जागा शोधत निघतात. एक जागा मारून रिकामी केली तर पुढच्या वसंतात तेथे दुसरा येतो. म्हणजे बंदूक दरवर्षी चालवावी लागते. जाळी, नळ आणि सोडलेला पट्टा मात्र वर्षानुवर्षे काम करतात. मारणे हा सोपा उपाय वाटतो, पण हिशेबाने तो स्वस्त पडेलच असे नाही.

नेदरलँड्सचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्या देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. बांध फुटला तर माणसे बुडतील. तेथे बांधांपाशी बीव्हरला मुभा देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण पूर आला की त्याचे घर बुडते, तो उंच जागा शोधतो, आणि उंच जागा म्हणजे नेमका बांधच असतो. म्हणून पूरक्षेत्रात त्याच्यासाठी मातीचे उंचवटे करून ठेवण्याचा उपाय तेथे योजला गेला. 'येथे येऊ नकोस' असे म्हणताना 'मग कोठे जाऊ?' याचे उत्तरही देऊन ठेवायचे. मनाई करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे असे आहे.

आपल्यापैकी ज्यांची गावाकडे थोडीफार शेती आहे त्यांना रानडुकराने उलथलेले भुईमुगाचे शेत माहीत आहे आणि पंचनामाही माहीत आहे. आपले प्राणी वेगळे, जमीन वेगळी. तेथले उपाय जसेच्या तसे येथे चालणार नाहीत. पण भरपाई वेळेवर, शेतावर माणूस आधी आणि निर्णयाला लेखी कारण, या तीन गोष्टींना कोणत्याही देशाची सरहद्द नाही.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगतो. सहजीवन हा शब्द आपण भाषणांत फार सहज वापरतो. प्रत्यक्षात ते रोजचे, कंटाळवाणे, खर्चाचे काम असते. कोणीतरी जाळी बांधायची असते, कोणीतरी नळ साफ करायचा असतो, कोणीतरी चिडलेल्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसायचे असते. ज्या ठिकाणी हे काम करणारी माणसे आधी तयार झाली, तेथे परत आलेल्याला जागा मिळाली. ज्या ठिकाणी ती नव्हती, तेथे वर्षे गोंधळात गेली आणि बंदुका बोलल्या. तुमच्यापैकी कोणी उद्या वनखात्यात जाईल, कोणी पाटबंधाऱ्यात, कोणी तलाठी होईल, कोणी माझ्यासारखा बँकेत बसेल. आपल्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद कोणाच्या खात्यात जमा आणि कोणाच्या खात्यात नावे टाकतो आहे, तेवढे पाहून मग सही करा.